यशोधनच्या कानापर्यंत

सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या मृदुला गुळवणीनं वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आपल्या गाण्याचा पहिला संग्रह काढायचं ठरवलं, तेव्हा तिनं सल्ला एकाच माणसाचा घेतला. नवऱ्याचा. यशोधन पाटबंधारे खात्यातला अभियंता, नुकताच निवृत्त झालेला. त्याला स्वतःला दोन ओळी धड गाता येत नव्हत्या, पण कान असा की मैफल संपल्यावर मृदुलाचे गुरुजीसुद्धा आधी त्याच्याकडे बघायचे. सूर जरा उतरला तर त्याला बसल्या जागी अस्वस्थ व्हायचं. कौतुक करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "ठीक झालं," एवढं म्हणाला की मृदुलाला रात्री शांत झोप लागायची.

"काढू का मी संग्रह? या वयात?" तिनं विचारलं होतं.

"आवाज होता तसा आहे," तो म्हणाला होता. "मग वयाचा प्रश्न कुठे येतो?"

त्या वाक्याच्या जोरावर तिनं काम सुरू केलं. मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गोधड्या लटकवल्या, पंखा काढून टाकला, माइक आणला. तंबोरा आधी वेगळा मुद्रित करून ठेवला, तोच कानात घेऊन ती गायची. तबला-पेटीची साथ आणि शेवटची जुळवाजुळव मिरजेला फरहीन शिकलगारच्या स्टुडिओत व्हायची होती. फरहीन चाळिशीतली, अबोल, आणि गेली दहा वर्षं मृदुलाच्या मैफिलींचं ध्वनिमुद्रण करणारी.

घरातली पद्धत अशी होती. मृदुला गायली की ती फाइल जिन्याखालच्या कपाटातल्या छोट्या सर्व्हरवर जाऊन बसायची. यशोधन पुढच्या व्हरांड्यात आरामखुर्चीत. त्यानं मोबाइलवर बोट टेकवलं की तीच फाइल घरच्या वायफायवरून त्याच्या कानातल्या इअरबडमध्ये वाहत यायची. एके काळी लोक गाणी दाबून चेपून बारीक फाइलींत कोंबायचे, ते दिवस मागे पडले होते. आता सेकंदाला दोन लाखांच्या आसपास नमुने टिपणाऱ्या फाइली घरोघरी वापरात होत्या, आणि त्यामुळे घरोघरच्या वायफायवर गर्दीही तेवढीच होती. इअरबड नवे होते. बंगळुरूच्या लेकीनं, अन्वितानं, दोघांनाही 'नादवेल' कंपनीची जोडी पाठवली होती.

मोबाइलवरच्या नादवेल ॲपमध्ये गाणं सुरू असताना बारा आडव्या रेघा दिसत. सगळ्यांत खालची रेघ म्हणजे आवाजाचा जाड, घुमणारा थर, वर जावं तसे बारीक, तीक्ष्ण थर. जेवढे थर तुमच्यापर्यंत येत असतील तेवढ्या रेघा हिरव्या. मृदुलाच्या मोबाइलवर नऊ हिरव्या असायच्या. यशोधनच्या मोबाइलवर चार.

"वायफाय मार खातंय," यशोधननं निदान केलं. "व्हरांडा लांब पडतो. मध्ये दोन भिंती."

त्यानं खुर्ची आत आणली. चारच रेघा. सर्व्हरच्या शेजारी स्टूल टाकून बसला. चारच. मग त्यानं वायफायवाल्या सागर पोळला बोलावलं. सागरनं पॅसेजमध्ये आणखी एक डबा बसवला, घरभर फिरून वेग मोजला आणि डोकं खाजवलं.

"काकू, रेंज एक नंबर आहे. एवढ्यात अख्ख्या सोसायटीला गाणं ऐकवाल."

"मग याला चारच का?"

"काकांचा मोबाइल जुना असेल."

यशोधनला ते पटलं नाही. तीन महिन्यांपूर्वीच घेतलेला मोबाइल होता.

दोन दिवसांनी त्याचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, म्हणून त्यानं मृदुलाचा घेतला. आपले इअरबड कानात घालून बागेश्री ऐकत बसला. मृदुला चहा आणि भडंग घेऊन आली आणि सहज पडद्याकडे नजर गेली. तिच्याच मोबाइलवर, जिथे कायम नऊ रेघा असायच्या, तिथे चार. त्याचं लक्ष नव्हतं, डोळे मिटलेले होते. चहा ठेवून ती आत गेली, चार्जिंगचा मोबाइल काढला, स्वतःचे इअरबड घातले आणि तोच बागेश्री लावला.

त्याच्या मोबाइलवर नऊ रेघा हिरव्या झाल्या.

तिनं इअरबड काढले. मग मोबाइल पुन्हा चार्जिंगला लावला आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं मिरजेला गेली. यशोधनला म्हणाली, तबल्याचं बोलायचंय.

फरहीननं सगळं ऐकून घेतलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"वायफायला काही झालं नाही, मॅडम. ते इअरबड आधी कानाला विचारतात आणि मग मागवतात."

"कानाला विचारतात म्हणजे?"

फरहीननं समजावून सांगितलं. आपल्या कानाच्या आत शंखासारखी एक बारीक नळी असते. तिच्यात केसांसारख्या पेशींच्या ओळी असतात, प्रत्येक ओळ आपापल्या उंचीच्या स्वराची. स्वर आला की ती ओळ थरथरते, आणि त्या थरथरण्याचा अगदी पुसट आवाज कानातून उलटा बाहेर येतो. माणसाला तो ऐकू येत नाही, पण चांगला माइक टिपू शकतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ऐकू येतं का, हे दवाखान्यात असंच बघतात. नादवेलनं तोच माइक इअरबडमध्ये घातला होता. गाणं सुरू असताना इअरबड मधूनमधून कानाला टिचकी मारतात. ज्या थराचं उत्तर येत नाही, तो थर सर्व्हरकडे मागतच नाहीत. जो आवाज कानाला कळणारच नाही, तो हवेतून कशाला धाडायचा? वायफायवरची गर्दी तेवढीच कमी.

"बारा रेघा कुणाला मिळतात?"

"बारावी आमच्या कुत्र्याला," फरहीन म्हणाली. "अन्विताला अकरा मिळत असतील. मला दहा मिळतात. वयाप्रमाणे वरच्या पेशी आधी जातात, सगळ्यांच्याच जातात. सरांच्या जरा जास्त गेल्यात. धरणाच्या कामावर असताना सुरुंगांजवळ होते ना ते?"

"पण त्याला सुराची चूक अजून कळते, फरहीन. परवाच त्यानं माझा धैवत पकडला."

"पकडणारच. मूळ सूर खालच्या चार रेघांतच असतात. वरच्या रेघांत आवाजाचं पोत असतं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांतून उठणारा तो झंकार, श्वास, स आणि श यांचे काठ." ती थांबली. "आणि खरखर."

मृदुलानं तिच्याकडे पाहिलं. "कसली खरखर?"

फरहीननं उठून दार लावून घेतलं. मग तिनं मृदुलाचाच शुद्ध कल्याण मोठ्या स्पीकरवर लावला. काळी चारच्या पट्टीतला, मृदुलाच्या मते संग्रहातला सगळ्यांत चांगला. आवाज वर चढत गेला, तारसप्तकातल्या गंधारावर पोचला आणि तिथे त्याच्या कडेनं बारीक चरा उमटला. कापड फाटण्याच्या आधी उसवतं, तसा. पंचमावर तो आणखी स्पष्ट झाला.

मृदुलाला तो चरा अनोळखी नव्हता. चारपाच वर्षांपूर्वी एका मैफिलीच्या मुद्रणात पहिल्यांदा तिच्या कानावर आला होता, तेव्हा तिनं यशोधनला विचारलंही होतं. "मला तर काही ऐकू येत नाही," तो म्हणाला होता. मग तिनं माइक बदलला होता. पुढे ज्या ज्या वेळी शंका आली त्या त्या वेळी माइकला, खोलीला, सर्दीला नावं ठेवली. यशोधनला जे खटकत नाही ते नसणारच, अशी तिची खात्री होती. आणि तो तर अक्षरशः खरं सांगत होता. त्याला ऐकू येत नव्हतं.

"तू का नाही बोललीस?"

"तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, मॅडम. आणि फाइल माझ्याकडे यायची ती सरांनी पास केलेली." फरहीन ओशाळली, पण पुढे बोलली. "एक सांगू? तुमचे ऐकणारे बहुतेक साठीच्या पुढचे. दहातल्या सात जणांपर्यंत वरचे थर पोचतच नाहीत. नादवेलवर संग्रह टाकला तर त्या सात जणांना ही खरखर कधी कळणारही नाही. तुम्ही म्हणाल तर आहे तसं पुढे जाऊ."

"आणि उरलेले तीन?"

"ते तरुण आहेत. ते ऐकलेल्या गाण्यावर लिहितात."

मृदुला घरी आली तेव्हा यशोधन कॅटलॉग उघडून बसला होता. त्यानं जाड वायर मागवायचं ठरवलं होतं. हवेवर भरवसाच नको, सर्व्हरपासून व्हरांड्यापर्यंत वायर ओढायची आणि तिथे वेगळा डबा बसवायचा. तिनं पर्स खुंटीला अडकवली. "बघू," एवढंच म्हणाली.

पुढचा आठवडा विचित्र गेला. ती गायची, फाइल जायची, आणि व्हरांड्यातून तो म्हणायचा, "ठीक झालं." आधी त्या दोन शब्दांनी तिच्या खांद्यावरचं ओझं उतरायचं. आता तिला वाटायचं, तुझं काय जातंय म्हणायला. एकदा तर तिनं मुद्दाम घसा ताणून तार पंचमावर आवाज चांगला फाटू दिला. तो नेहमीप्रमाणे म्हणाला, ठीक झालं. ती मागच्या खोलीत गोधड्यांना टेकून बसली. आपण नवऱ्याची परीक्षा घेतली, याची तिला शरम वाटली. आणि तो नापास झाला, याचा राग आला.

वायर आली. त्या दिवशी दुपारी ती गाण्याच्या शिकवणीहून परतली तर यशोधन स्टुलावर चढून पॅसेजच्या भिंतीत ड्रिलनं भोक पाडत होता. गुडघ्याला पट्टा, डोळ्यांवर जुना चष्मा, केसांवर सिमेंटची पांढरी भुकटी. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी त्याला जिनासुद्धा बेतानं चढायला सांगितलं होतं.

"खाली उतर," ती म्हणाली.

"दोन इंच राहिलंय. भिंत दगडासारखी आहे."

"यशू, वायफायला काही झालेलं नाही. खाली उतर."

तो उतरला. तिनं त्याला तिथेच स्टुलावर बसवलं आणि सांगायला लागली. नऊ रेघा, चार रेघा, शंख, पेशी, कानाची टिचकी. खरखरीचंही सांगितलं, दहातल्या सात जणांचंही. तो ड्रिल मांडीवर धरून ऐकत होता. मध्ये दोनदा प्रश्न विचारले, तेही यंत्राबद्दल. सगळं सांगून झाल्यावर तो भिंतीतल्या भोकाकडे बघत राहिला.

"म्हणजे वायर नको," तो म्हणाला.

"नको."

"तुला कधी कळलं?"

"आठवडा झाला."

"आणि मी आठवडाभर ठीक झालं, ठीक झालं करत होतो." त्यानं ड्रिलवरची धूळ बोटानं पुसली. "तू वयाचं विचारलंस तेव्हा मी आवाज होता तसा आहे म्हणालो. त्यावर तू एवढं सगळं उभं केलंस."

"तू खोटं नाही बोललास."

"खोटं बोललो असतो तर निदान मला तरी माहीत असतं."

 दुसऱ्या दिवशी सकाळी तो इअरबड घेऊन समोर आला. नादवेलमध्ये एक सोय होती, तिचं नाव 'उतरण'. जे थर तुमच्या कानाला कळत नाहीत, त्यांतला आवाज खालच्या थरांत आणून मांडायचा. वरचा मजला बंद झाला तर तिथलं सामान खाली आणून ठेवावं, तसं. यशोधननं रात्रीच सगळी माहिती वाचून काढली होती.

"चालू कर," तो म्हणाला. "मला ऐकायचंय."

 इतकी वर्षं त्यानं तिचा आवाज जसा होता तसा जपून ठेवला होता, स्वतःच्याही नकळत. या घरात तेवढ्याच एका ठिकाणी तो शिल्लक होता. तरी तिनं उतरण चालू केली आणि शुद्ध कल्याण शोधू लागली.

"तुझं नंतर," तो म्हणाला. "आधी नुसता तंबोरा लाव."

तिनं तंबोरा लावला. तारा झणकारल्या आणि त्याची मान हळूहळू खाली गेली. तो तसाच बसून राहिला. ती दूध तापवून आली, कपडे वाळत घालून आली, तरी तंबोराच चालू.

"जवारी गेली होती," तो कुणाशी तरी बोलावं तसं म्हणाला. "मला वाटायचं, तारा जुन्या झाल्यात."

मग त्यानं कल्याण ऐकला. गंधार आला, पंचम आला. त्यानं इअरबड काढले आणि तिच्या गळ्याकडे बघितलं.

"इथे दुखतं का तुला गाताना?"

"नाही रे. दुखत नाही."

"मग असं का येतंय?"

"वय झालं, यशू. तुझ्या कानांचं झालं तसं."

त्यानं इअरबड डबीत ठेवले.

"बरं, आता तू सांग," ती म्हणाली. "हा असाच जाऊ दे, की सगळं पुन्हा गाऊ? खालच्या पट्टीत गायले तर खरखर येणार नाही. पण मग झालेलं सगळं काम वाया जाईल."

"मला विचारू नकोस."

"मग कुणाला विचारू? तीस वर्षं तुलाच विचारतेय."

"म्हणूनच. आता मला विचारणं बरोबर नाही. उतरण चालू केली की ऐकू येतं ते तुझं गाणं नसतं, कुणीतरी तुझी नक्कल करतंय असं वाटतं. बंद केली तर अर्धंच पोचतं. कशावर भरवसा ठेवून सांगू?"

मृदुला चिडली. ऐन वेळी अंग काढून घेतोय, असं म्हणाली. तो चपला घालून फिरायला निघून गेला. लग्नानंतर असे प्रसंग थोडेच आले होते, आणि यात दोघांपैकी कुणाचीच चूक नव्हती, म्हणून हे भांडण मिटवायचं कसं हेही कळत नव्हतं.

ती मागच्या खोलीत गेली आणि तंबोरा काळी तीनला उतरवला. पेटीची दोन घरं खाली. काळी चार तिची तरुणपणापासूनची पट्टी होती. बरोबरीच्या बायका एकेक करत खाली आल्या तरी ती आली नव्हती, आणि त्याचा तिला अभिमान होता. पहिल्या दिवशी खालच्या पट्टीत काहीच जागेवर बसेना. सवयीच्या ताना आधीच संपायच्या, आलाप जड वाटायचा. तिनं तंबोरा पुन्हा काळी चारला चढवला, गंधार लावला. चरा तिथेच होता. सात जणांना तो ऐकू जाणार नव्हता. पण आता तो तिला ऐकू येत होता, आणि गाताना त्याचीच वाट बघितली जात होती. गंधार जवळ आला की ती आधीच सावध व्हायची, आणि सावध होऊन गाणं तिला कधीच जमलं नव्हतं.

चौथ्यापाचव्या दिवशी काळी तीनमध्ये मंद्र षड्ज लागला तो असा की गोधड्यांमागची भिंत घुमली. वरती जे हातचं गेलं होतं ते इथे खाली साठलेलं होतं. त्या दिवशी तिनं फरहीनला फोन केला.

"आधीचे पाचही राग काढून टाक. मी पुन्हा गाणार."

"मॅडम, तो कल्याण तरी राहू दे. फार सुरेख आहे. हवं तर मी खरखर पुसून देते, यंत्रानं काही कठीण नाही."

"तू पुसशील. पण गाताना मला कळेल ना."

"संग्रह तीनचार महिने लांबेल."

"लांबू दे. आणि फरहीन, यापुढे मी विचारलं नाही तरी तू सांगायचंस."

"रागावाल."

"रागावेन. तरी सांग."

पुढचे काही आठवडे मृदुला गात होती आणि फाइली थेट मिरजेला जात होत्या. फरहीन आता बोलायची, आणि तोंडात साखर ठेवून बोलायची नाही. दोनदा मृदुला खरंच रागावली. यशोधन त्या वेळात बागेत असायचा, नाहीतर वाचत. त्यानं भिंतीतलं भोक सिमेंटनं बुजवलं, वरून रंग दिला. कानांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आला, बोलणं ऐकण्यासाठी साधं यंत्र घेतलं. उतरण त्यानं तंबोऱ्यापुरती ठेवली. रोज सकाळी अर्धा तास नुसता तंबोरा ऐकायचा. मृदुलानं त्याला एकही राग ऐकवला नव्हता, आणि त्यानंही मागितला नव्हता. भांडण संपलं होतं, पण दोघांमध्ये एक जागा रिकामी झाली होती आणि तिथे काय ठेवायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटचा राग झाला त्या दुपारी मृदुला मागच्या खोलीतून बाहेर आली. यशोधन टेबलापाशी गवार निवडत बसला होता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. फरहीनला पाठवलंय."

"काय म्हणते?"

"अजून कळवलं नाही. पण चांगलं झालंय." हे कुणाच्या आधी आपणच म्हणालो, याचं तिला जरा नवल वाटलं.

त्यानं गवारीच्या शेंगा बाजूला केल्या आणि हात पुसले. "मला ऐकव."

"उतरण लावून?"

"नको. पोचेल तेवढं."

तिनं सर्व्हरवरून त्याच्या मोबाइलवर शुद्ध कल्याण लावून दिला, आणि स्वयंपाकघरात जाऊन उरलेली गवार निवडायला घेतली. त्याच्यासमोर बसून त्याचा चेहरा वाचायचा मोह तिला झाला, पण ती गेली नाही. भाजी फोडणीला पडली, कणीक मळून झाली. तेव्हा कुठे तो इअरबड हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"चूक-बरोबर काही सांगत नाही," तो म्हणाला. "तो अधिकार आता फरहीनचा."

"मग?"

"या वेळी थोडी जास्त पोचलीस."

दोन घरं खाली येण्यानं आवाजाचा कितीसा भाग त्या चार रेघांत उतरला असेल, आणि एवढ्याशा फरकानं त्याच्या कानाला काही कळणं शक्य आहे का, हे फरहीननं गणित मांडून सांगितलं असतं. मृदुलानं तिला ते कधी विचारलं नाही. तिनं हाताला लागलेली कणीक धुतली, गॅस बारीक केला आणि त्याला ताटं घ्यायला सांगितलं.